गुणात्मक संशोधनाचा परिचय की व्याख्यांचे पाठांतर? : पेण-रोहा परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

गोषवारा

सामाजिक शास्त्रांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना गुणात्मक संशोधन पद्धतीचा परिचय कसा करून दिला जातो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. प्रचलित अध्यापनात ही पद्धत व्याख्या, प्रकार आणि गुणदोष या चौकटीत शिकविली जाते. त्यामुळे ती संख्यात्मक पद्धतीची दुबळी धाकटी बहीण ठरते. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांतील खारेपाट, गणेशमूर्तींचे कारखाने, कातकरी वाड्या आणि २००८ चे जनमत या उदाहरणांच्या आधारे, या पद्धतीची शिस्त कोणती व तिचा आरंभ कोठून व्हावा, याचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : गुणात्मक संशोधन, क्षेत्रकार्य, क्षेत्रनोंदी, खारेपाट, कातकरी, पदव्युत्तर अध्यापन

प्रस्तावना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अनुषंगाने महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांची २०२३-२४ पासून पुनर्रचना झाली. संशोधन पद्धती हा चार श्रेयांकांचा विषय पहिल्याच वर्षी आला आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प आवश्यक ठरला. पूर्वी एम.फिल. किंवा पीएच.डी.च्या उंबरठ्यावर भेटणारा हा विषय आता एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला आला आहे. ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु विषय सक्तीचा झाला म्हणजे तो रुजला, असे म्हणता येत नाही. सक्तीच्या विषयाला तयार उत्तरांची पुस्तिका फार लवकर मिळते आणि मग पुस्तिका हाच अभ्यासक्रम होतो.

हा प्रश्न केवळ अध्यापनाच्या सोयीचा नाही. पेण आणि रोह्यासारख्या ठिकाणी पदव्युत्तर वर्गात बसणारे अनेक विद्यार्थी आपल्या घराण्यातील पहिले पदवीधर असतात. ज्या गावांविषयी, वाड्यांविषयी आणि व्यवसायांविषयी इतरांनी लिहिले, त्या गावांतूनच ते येतात. त्यांना संशोधनाचे साधन कसे दिले जाते, यावर एक मोठी गोष्ट अवलंबून आहे. हा परिसर पुढेही केवळ 'उत्तरदाता' म्हणून राहणार की स्वतःचे प्रश्न स्वतः मांडणार, हे त्यावरून ठरेल.

प्रचलित मांडणीची चिकित्सा

विद्यार्थ्यांच्या हाती पडणाऱ्या बहुतेक मराठी संदर्भपुस्तकांची रचना परस्परांशी मिळतीजुळती असते. प्रथम संशोधनाचा अर्थ व व्याख्या, नंतर गृहीतकृत्य, नमुना निवड, प्रश्नावली, सांख्यिकीय विश्लेषण आणि शेवटी कोठेतरी गुणात्मक पद्धतींचे एखादे प्रकरण. त्या प्रकरणात निरीक्षण, मुलाखत, व्यक्तिअध्ययन आणि गटचर्चा यांची व्याख्या, प्रकार, गुण आणि मर्यादा क्रमाने येतात. बहुधा एक तक्ताही असतो : एका बाजूस संख्यात्मक, दुसऱ्या बाजूस गुणात्मक, एका बाजूस वस्तुनिष्ठ, दुसऱ्या बाजूस व्यक्तिनिष्ठ.

या मांडणीचे तीन दोष स्पष्टपणे दिसून येतात. पहिला असा की, गुणात्मक पद्धतीची ओळख तिच्या अभावावरून करून दिली जाते. तिच्यात संख्या नाहीत, सामान्यीकरण नाही, गृहीतकृत्याची चाचणी नाही. जी पद्धत काय नाही एवढेच सांगितले जाते, ती काय आहे हे विद्यार्थ्याला उमगणे कठीण. दुसरा दोष असा की, तंत्रांची यादी प्रश्नापासून तोडली जाते. मुलाखत संरचित की असंरचित, हा भेद विद्यार्थी बिनचूक लिहितो. मात्र आपल्या प्रश्नासाठी मुलाखतच का हवी, याचे उत्तर त्याच्याजवळ नसते. तिसरा दोष अधिक गंभीर होय. 'व्यक्तिनिष्ठ' या शब्दाचा अर्थ विद्यार्थी 'शिस्त नसलेली' असा घेतो. परिणामी ज्याला सांख्यिकीची धास्ती वाटते तो गुणात्मक पद्धतीकडे वळतो. सोपी वाट म्हणून निवडलेली पद्धत मग वर्तमानपत्री वर्णनाच्या पातळीवर थांबते.

वास्तविक या पद्धतीचा इतिहास शिस्तीचा इतिहास आहे. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी १९२२ मध्ये ट्रोब्रिअंड बेटांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दीर्घ वास्तव्य, स्थानिक भाषेचे ज्ञान आणि दैनंदिन नोंद यांचा आग्रह त्यांनी धरला. बार्नी ग्लेझर व अॅन्सेल्म स्ट्रॉस यांच्या १९६७ च्या ग्रंथाने सामग्रीतून सिद्धान्त कसा उभा करावा याची पायरीवार रीत सांगितली. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७३ मध्ये 'सघन वर्णना'ची कल्पना विशद केली. कृती आणि तिचा अर्थ यांतील अंतर ओलांडण्यासाठी संदर्भाचे थर उलगडावे लागतात, असा तिचा आशय. या अभ्यासकांच्या वाटा भिन्न आहेत, पण सैलपणाला मुभा त्यांपैकी कोणीही दिलेली नाही.

परिसरातील तीन उदाहरणे

तत्त्वापेक्षा उदाहरण अधिक बोलके असते. पेण-रोहा परिसरातील तीन क्षेत्रे यासाठी विचारात घेता येतील.

(१) खारेपाट : धरमतर खाडीच्या लगतच्या गावांत भरतीचे पाणी अडवून कसलेली भातशेती आहे. समुद्राकडील बांधाला येथे 'बाहेरकाठा' म्हणतात आणि उधाणाने तो फुटला की 'खांड' गेली असे म्हणतात. एके काळी या बांधांची देखभाल शेतकऱ्यांच्या सामूहिक श्रमावर, 'जोळ' पद्धतीने होत असे. पुढे १९४८ च्या आणि त्यानंतर १९७९ च्या खारभूमीविषयक कायद्यांनी या क्षेत्रात शासनाची जबाबदारी वाढत गेली. येथे प्रश्नावली घेऊन जाणारा विद्यार्थी किती एकर जमीन नापीक झाली, किती नुकसानभरपाई मिळाली, हे विचारील. ही माहिती आवश्यकच आहे. परंतु बांध हा 'आपला' होता तो 'सरकारचा' केव्हा आणि कसा झाला, खांड गेल्यावर पूर्वी कोण धावत असे आणि आता कोणाला कळवले जाते, हे प्रश्नावलीच्या रकान्यात मावत नाही. त्यासाठी वृद्ध शेतकऱ्यांच्या सखोल मुलाखती, जुने दप्तर आणि बांधावरून प्रत्यक्ष चालणे, ही तिन्ही लागतात. शिवाय 'बाहेरकाठा', 'खांड', 'जोळ' हे शब्द केवळ बोलीतील पर्याय नाहीत. त्या प्रत्येकामागे एक संस्था व एक जबाबदारी आहे. स्थानिक संज्ञा हीच विश्लेषणाची पहिली पायरी, हे तत्त्व येथे आपोआप शिकवले जाते.

(२) गणेशमूर्तींचे कारखाने : पेण शहर आणि हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. तेव्हापासून प्लास्टर ऑफ पॅरिस आणि शाडू माती यांचा वाद या व्यवसायाच्या केंद्रस्थानी आला आणि न्यायालयापर्यंतही गेला. सर्वेक्षणातून कोण कोणती सामग्री वापरतो याची टक्केवारी मिळते. सामग्री बदलली की काम कसे बदलते, वाळण्याचा काळ आणि तुटफूट यांचा मजुरीशी काय संबंध येतो, डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराचे स्थान कारखान्यात कोणते, हे कळण्यासाठी मात्र कारखान्यात बसावे लागते. आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. रंगकामात व इतर कामांत स्त्रियांचा सहभाग असतो, पण कुटुंबप्रमुखाने भरलेल्या प्रश्नावलीत त्यांच्या व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' असे लिहिले जाण्याचा संभव असतो. निरीक्षण आणि नोंदलेले उत्तर यांत असे अंतर पडले की ते चूक म्हणून वगळू नये. तीच सामग्री समजून तिचा अर्थ लावावा, हे विद्यार्थ्याला येथे शिकविता येते.

(३) कातकरी वाड्या : महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत कोलाम व माडिया गोंड यांच्यासमवेत कातकरी समाजाचा समावेश होतो. रायगड जिल्ह्यात त्यांची वस्ती मोठी आहे. वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांवरील कामासाठी अनेक कुटुंबे पावसाळा संपल्यावर स्थलांतर करतात आणि पुढील पावसाच्या तोंडावर परततात. विद्यापीठीय वेळापत्रकानुसार जानेवारीत क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याला वाडीत वृद्ध आणि मोजकी घरेच आढळतील. त्यावरून काढलेला निष्कर्ष, मग तो संख्यात्मक असो वा गुणात्मक, वाडीचा नसून रिकाम्या वाडीचा असेल. क्षेत्रकार्याचा काळ हा पद्धतीचा भाग असतो, हे या उदाहरणाइतके स्पष्टपणे क्वचितच सांगता येईल.

संमतीची मोजणी आणि संमतीचा अर्थ

पेण तालुक्याच्या अलीकडील इतिहासातील एक घटना संशोधन पद्धतीच्या वर्गात आवर्जून चर्चिली जावी. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी प्रस्तावित भूसंपादनाला येथील शेतकऱ्यांनी विरोध केला आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शासनाने शेतकऱ्यांचे मत आजमावले. विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर अशा प्रकारे मत घेण्याची ही घटना देशभर चर्चिली गेली. पुढे तो प्रकल्प त्या स्वरूपात उभा राहिला नाही.

मतमोजणी ही येथे निर्णायक गोष्ट होती आणि तिचे लोकशाहीतील मोल कमी लेखण्याचे कारण नाही. संख्येला तुच्छ लेखणे हा गुणात्मक पद्धतीचा धर्म नव्हे. तथापि संशोधकाचे काम मोजणीनंतरही उरते. मत मागितले गेले ते जमीनधारकांचे. ज्यांच्या नावे सातबारा नाही, अशा शेतमजुरांचे आणि त्या घरांतील स्त्रियांचे म्हणणे कोणत्या मार्गाने व्यक्त झाले? नकार देणाऱ्या दोन शेतकऱ्यांचा नकार एकाच कारणासाठी होता काय? धरणाचे पाणी शेतात येण्याची आशा, मोबदल्याविषयीचा अविश्वास, वाडवडिलांच्या जमिनीविषयीची भावना, संघटनेचा शब्द, यांपैकी कशाचे वजन कोणाकडे किती होते? 'हो' आणि 'नाही' या दोन शब्दांच्या मागे असलेले हे जग शोधणे म्हणजे गुणात्मक संशोधन, असे विद्यार्थ्याला सांगितले तर व्याख्येची गरज उरत नाही.

हीच दृष्टी इतरत्रही लावता येईल. २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, त्यानंतर ठेवीदारांची संख्या व अडकलेली रक्कम वारंवार छापून आली. सहकारावरील विश्वास कुटुंबागणिक कसा तुटला किंवा टिकला, हा अभ्यास मात्र कथनांच्या आधारेच होऊ शकेल. रोह्यानजीक धाटावची औद्योगिक वसाहत आणि कुंडलिका नदी यांचे नाते पाण्याच्या नमुन्यांवरून तपासता येते. नदीकाठच्या मासेमारी करणाऱ्यांच्या स्मृतीतील नदी तपासण्याची साधने वेगळी लागतात.

वाचनासाठी कोणते ग्रंथ?

विद्यार्थ्यांना पद्धतीवरील पुस्तके वाचावयास दिली जातात, परंतु पद्धतीने लिहिलेली पुस्तके क्वचितच दिली जातात. हा क्रम बदलणे आवश्यक वाटते. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि गो. स. घुर्ये यांच्या काळात त्याला कीर्ती मिळाली. त्यांच्या दोन शिष्यांचे लेखन येथे विशेष उपयुक्त ठरते.

इरावती कर्वे यांचा पंढरीच्या वारीवरील लेख मराठी वाचकाला ललित गद्य म्हणून परिचित आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद मात्र १९६२ मध्ये जर्नल ऑफ एशियन स्टडीज या संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध झाला, ही बाब बोलकी आहे. वारीतील भक्तीची एकात्मता आणि त्याच वारीतील दिंड्यांमध्ये दिसणारे जातिभेद, या दोन्हींची नोंद लेखिका स्वतः चालत असताना घेते. आपण कोण आहोत, कोणासमवेत चालतो आणि कोठे अस्वस्थ होतो, हे ती लपवीत नाही. संशोधकाच्या आत्मचिकित्सेचा याहून सुबोध नमुना मराठी विद्यार्थ्याला अन्यत्र शोधण्याची गरज नाही.

एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये कर्नाटकातील रामपुरा गावात क्षेत्रकार्य केले. १९७० मध्ये स्टॅनफर्ड येथील आगीत त्यांच्या संस्कारित टिपणांच्या प्रती जळाल्या आणि 'द रिमेंबर्ड व्हिलेज' (१९७६) हा ग्रंथ त्यांनी प्रामुख्याने स्मरणाच्या आधारे लिहिला. ही कथा रंजक म्हणून सांगितली जाते. वर्गात मात्र तिच्यातून एक प्रश्न निर्माण व्हावा : स्मरण कोणत्या गोष्टी राखते आणि कोणत्या गाळते? आपले गावाचे आकलन उच्चजातीयांच्या बाजूने घडले, याची जाणीव श्रीनिवास यांनी स्वतःच व्यक्त केली आहे. म्हणून हा ग्रंथ आदर्श म्हणून वाचताना त्याच्या मर्यादाही त्याच आदराने वाचाव्या लागतात.

स्थानिक संदर्भात तीन ग्रंथांची तुलना उद्बोधक ठरेल. १८८३ च्या कुलाबा व जंजिरा गॅझेटिअरमध्ये कातकरी समाज हा प्रशासनाने वर्णिलेल्या जातीजमातींपैकी एक म्हणून येतो. १९३४ मध्ये ए. एन. वेलिंग यांनी कातकऱ्यांवर स्वतंत्र समाजशास्त्रीय अभ्यास लिहिला. २०१३ मध्ये डॅनिएल बकल्स व राजीव खेडकर यांचा 'फायटिंग एव्हिक्शन' हा ग्रंथ आला. दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या कातकरी वाड्यांची असुरक्षितता हा त्याचा विषय असून संशोधन आणि कृती यांची त्यात सांगड घातली आहे. एकाच समाजाविषयीच्या या तीन लेखनांत समाजाचे स्थान बदलत जाते : नोंदीचा विषय, अभ्यासाचा विषय आणि प्रश्न मांडण्यातील सहभागी. तिसऱ्या ग्रंथालाही चिकित्सेतून सूट नसावी. जेथे संशोधनाचे उद्दिष्ट हक्क मिळविणे हे असते, तेथे उद्दिष्टाला प्रतिकूल ठरणारी सामग्री कशी हाताळावी, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. तो ठेवल्याने ग्रंथाचे मोल कमी होत नाही.

भाषा, नोंद आणि संमती

परिचयाच्या टप्प्यावरच तीन गोष्टींची सवय लागली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पहिली भाषेची. मुलाखत आगरी बोलीत वा कातकरी बोलीत होते, लेखन प्रमाण मराठीत होते आणि पुष्कळदा प्रबंध इंग्रजीत जातो. या प्रत्येक पायरीवर काहीतरी गळते. म्हणून मूळ उद्गार बोलीतच लिहून ठेवावेत आणि अनुवाद नंतर करावा. विद्यार्थ्याला येत असलेली बोली, जी वर्गात बहुधा त्याच्या संकोचाचा विषय असते, ती येथे त्याची संशोधकीय सामग्री ठरते.

दुसरी सवय नोंदीची. पाहिलेले, ऐकलेले आणि स्वतःला वाटलेले या तिन्हींची नोंद स्वतंत्रपणे आणि त्याच दिवशी व्हावी. पुढील संकेतन, वर्गीकरण आणि अन्वयार्थ यांचे बळ या शिस्तीवर अवलंबून असते. मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुलभ झाल्याने नोंदवहीची गरज संपली, हा समज चुकीचा होय. ध्वनिमुद्रणात मुलाखत येते. मुलाखत सुरू असताना दारात कोण येऊन उभे राहिले आणि बोलणे का थांबले, हे येत नाही.

तिसरी बाब संमतीची. ज्या परिसरात भूसंपादनाच्या कागदावरील सहीचा अर्थ लोकांनी जवळून अनुभवला आहे, तेथे अनोळखी मुलाने पुढे केलेला संमतिपत्राचा छापील नमुना विश्वासाऐवजी भीती निर्माण करू शकतो. अशा ठिकाणी समजावून घेतलेली तोंडी संमती आणि तिची लेखी नोंद अधिक प्रामाणिक ठरते. विद्यार्थी त्याच गावचा असेल तर गोपनीयतेचा प्रश्न अधिक अवघड होतो. नाव बदलले तरी 'बांधाजवळच्या घरातील निवृत्त शिक्षक' कोण, हे गाव ओळखते.

काही आक्षेपांचा विचार

या भूमिकेवर काही रास्त आक्षेप संभवतात. एका सत्रात क्षेत्रकार्य होणार कसे, हा पहिला. दीर्घ वास्तव्य एम.ए.च्या विद्यार्थ्याकडून अपेक्षिता येत नाही, हे खरे. परंतु एक कारखाना, एक बांध किंवा एक आठवडा बाजार यांना ठरावीक काळाने सहा भेटी देणे शक्य असते. पन्नास प्रश्नावल्या एका दिवसात भरून आणण्यापेक्षा त्यातून अधिक शिकता येते.

मौखिक परीक्षेत 'नमुना किती?' हा प्रश्न विचारला जातो, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर विद्यार्थ्याने द्यावयाचे आहे, तसे ते आपण अध्यापकांनीही द्यावयाचे आहे. नवीन मुलाखतीतून नवीन आशय येणे थांबले काय, विरोधी उदाहरण शोधले काय, मुलाखत, निरीक्षण आणि दप्तर यांचा परस्परांशी ताळा पाहिला काय, हे प्रश्न विचारल्यास परीक्षण सौम्य होत नाही. उलट ते अधिक कठोर होते.

तिसरा आक्षेप असा की, स्थानिक विद्यार्थी स्वतःच्या गावाकडे तटस्थपणे पाहू शकत नाही. या आक्षेपात तथ्य आहे. आपल्याच आळीतील, आपल्याच जातीतील माणसांशी बोलून 'गावाचे मत' लिहिणे हा त्याचा सहज होणारा दोष आहे. तथापि श्रीनिवास यांच्या उदाहरणावरून दिसते की, बाहेरून येणाराही कोणत्यातरी आळीतच उतरतो. म्हणून कोणाकडे जाता आले नाही याची नोंद हे प्रत्येक प्रबंधाचे आवश्यक अंग मानावे.

समारोप

गुणात्मक संशोधनाचा परिचय व्याख्येपासून सुरू न करता परिसरातील एखाद्या अनुत्तरित प्रश्नापासून सुरू करावा, असे या विवेचनातून सुचवावयाचे आहे. प्रथम प्रश्न, नंतर क्षेत्रातील भेटी व नोंदी, त्यानंतर उत्तम क्षेत्रलेखनाचे वाचन आणि सर्वांत शेवटी पद्धतीची परिभाषा, असा क्रम एका सत्रात बसू शकतो. परिभाषा शेवटी आल्याने तिचे महत्त्व घटत नाही. उलट विद्यार्थी तिला स्वतःच्या अनुभवाशी जोडून पाहतो.

त्यासाठी अध्यापकांनाही क्षेत्रात उतरावे लागेल आणि महाविद्यालयाला प्रबंधांची एक प्रत ज्या गावाचा अभ्यास झाला त्या गावात, साध्या मराठीत, पोहोचविण्याची प्रथा पाडावी लागेल. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनी वाचून 'असे नाही, तसे आहे' म्हणण्याची शक्यता निर्माण झाली, की संशोधकाची लेखणी आपोआप जबाबदार होते. पेण आणि रोहा या तालुक्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लेखनाला येथूनच दुरुस्ती सुचविणारी पिढी आपल्या वर्गांतून बाहेर पडते की नाही, हीच या विषयाच्या अध्यापनाची कसोटी होय.